जुना व्हिडिओ गेम लागतो, पण चित्र येत नाही: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

गणपतीला किंवा मे महिन्यात गावचे घर उघडले की माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम हमखास खाली येतो. तारा जोडल्या जातात, लाल दिवा लागतो, टीव्हीवर मात्र काही नाही. ‘जळला असेल’ म्हणून तो परत माळ्यावर टाकू नका. मालवण असो की हर्णै, किनाऱ्यावर अशा मशीनची चिप क्वचित मरते. खारी, दमट हवा मार करते ती जिथे दोन धातू नुसते एकमेकांना टेकलेले असतात तिथे: कॅसेटच्या पट्ट्या, स्विच, अडॅप्टरची पिन, एव्हीचे सॉकेट. म्हणून स्क्रू ड्रायव्हर सर्वांत शेवटी हातात घ्यायचा.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेले बहुतेक ८-बिट गेम म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला, ६० पिनांच्या कॅसेटच्या. खालची माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, पण क्रम सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या गेमलाही तोच लागू पडतो.

घर बरेच दिवस बंद होते का? मग लगेच वीज देऊ नका. मशीन आणि कॅसेट एक दिवस सावलीत पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, प्लास्टिक पिवळे पडते. तेवढ्यात सगळी सॉकेटे बॅटरीच्या उजेडात पाहून घ्या. झुरळांची घाण असतेच, शिवाय कुंभारीण माशीला ही भोके फार आवडतात. एव्हीच्या सॉकेटात ती मातीचा असा घट्ट बूच बसवते की पिन वरवर बसल्यासारखी वाटते, पण आत टेकत नाही. माती लाकडी टूथपिकने कोरून काढा.

पडदा कसा ‘रिकामा’ आहे?

पुढची सगळी तपासणी या एका उत्तरावर ठरते, म्हणून इथे घाई नको. मशीन चालू-बंद करत पडद्याकडे पाहा.

मुंग्या तशाच राहतात किंवा ‘नो सिग्नल’ हलत नाही: टीव्हीपर्यंत काही पोचतच नाही. केबल, चॅनेल किंवा वीज पाहा.

मशीन चालू करताच मुंग्या जाऊन पडदा काळा, राखाडी किंवा एकाच रंगाचा होतो: ही चांगली बातमी. चित्राचा मार्ग ठीक आहे, कॅसेट वाचली जात नाही. सरळ कॅसेटच्या भागाकडे जा.

वेडेवाकडे चौकोन दिसतात: हीसुद्धा कॅसेटच, थोड्या पिना लागतायत आणि थोड्या नाहीत.

चित्र आहे पण कृष्णधवल किंवा वर-खाली फिरते: मशीन एनटीएससी (अमेरिका-जपानची रंग पद्धत) आणि टीव्ही पालवर (आपल्याकडची). टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम ‘ऑटो’ करा.

मूळ निन्टेन्डो एनईएसचा (फॅमिकॉमच्या परदेशी आवृत्तीचा) दिवा सेकंदाला एकदा उघडझाप करत असेल, तर त्यातल्या कुलूप-चिपला कॅसेटमधली जोडीदार चिप सापडत नाही. म्हणजे तिथेही घाण पिनाच. आपल्याकडच्या नकलांत ही चिप नसते.

टीव्ही आणि केबल

घरात फ्री डिशचा बॉक्स एव्ही केबलवर असेल तर परीक्षा सोपी. त्याच सॉकेटवर डिशचे चित्र येते ना? मग तीच केबल डिशकडून काढून गेमला लावा. टीव्ही, सॉकेट आणि केबल तिन्ही एका फटक्यात निर्दोष ठरतात.

नव्या टीव्हीत पिवळे सॉकेट वेगळे नसते. ‘व्हिडिओ/वाय’ लिहिलेल्या हिरव्या सॉकेटातच पिवळी पिन जाते आणि सोर्स ‘एव्ही’ निवडावा लागतो, ‘कॉम्पोनंट’ नाही. काही टीव्हींना ३.५ मिमीच्या भोकात लावायची जोडतार लागते. तिची आतली जोडणी कंपनीगणिक बदलते, म्हणून टीव्हीसोबत आलेलीच वापरा. ती हरवली असेल आणि बाजारातली लावली असेल, तर पिवळी पिन लाल आणि पांढऱ्या जागीही लावून पाहा.

एचडीएमआय कन्व्हर्टर घेतला असेल तर त्यावर ‘एव्ही टू एचडीएमआय’ लिहिले आहे ना ते वाचा. उलट्या दिशेचा डबा दिसायला अगदी सारखाच असतो. कन्व्हर्टरला वेगळी ५ व्होल्ट वीजही लागते.

मशीनला फक्त अँटेनाची तार असेल तर गेम चालू ठेवूनच टीव्हीचा ॲनालॉग सर्च लावा. गेम बंद असताना शोधले तर सापडणार काय? भारतात विकलेले गेम सहसा व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यात, चॅनेल ३-४ च्या आसपास सापडतात. जपानी फॅमिकॉमचे चॅनेल वेगळे, ९० मेगाहर्ट्झच्या पुढे असते. तारेवर टीव्ही/गेम असा सरकता स्विच असलेली डबी असेल तर तो गंजलेला असतोच, वीस-पंचवीस वेळा मागे-पुढे करा.

वीज: दिव्यावर विश्वास नको

लाल एलईडी लागायला दोनेक व्होल्ट पुरतात, चिपला पाच लागतात. साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक अडॅप्टरच्या पिनेच्या आत, काळे बाहेर. आकड्यापुढे उणे चिन्ह आले तर पिनेचा मध्य ऋण आहे. हे मशीनवरच्या खुणेशी जुळलेच पाहिजे. फॅमिकॉम आणि पहिला मेगा ड्राइव्ह मध्य-ऋण असतात, दुसरा मेगा ड्राइव्ह मध्य-धन.

जुना ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अडॅप्टर मोकळा असताना १२-१३ व्होल्ट दाखवतो, त्यात बिघाड काही नाही. शून्य आले तर तार पिनेजवळ वाकवत पाहा, बहुतेक तिथेच तुटलेली असते. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर चालणार नाही. एनईएसचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, तो दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावू नका. अमेरिका-जपानहून आलेला अडॅप्टर १०० ते १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर तो जळतो.

कॅसेट आणि स्लॉट

फुंकर मारू नका. फुंकरीने कॅसेट चालते असे वाटते ते ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. तोंडाची वाफ मात्र पट्ट्यांवर राहते आणि इथल्या हवेत तिचा हिरवा थर होतो.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. शंभर मिलीची बाटली कितीतरी कॅसेटना पुरते. कानात घालायची कापसाची काडी त्यात बुडवून पट्ट्यांवर उभी, वरून खाली फिरवा. काळी झाली की टाका, नवी घ्या, काडी स्वच्छ निघेपर्यंत. हिरवा थर हटत नसेल तर पांढरा खोडरबर हलक्या हाताने, एकदाच, आणि चुरा झटकून पुन्हा अल्कोहोल. पॉलिश पेपर, थिनर, हँड सॅनिटायझर नको. आणि खोबरेल तेल तर मुळीच नको, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांसाठी ते ठीक आहे.

स्लॉटसाठी पातळ पुठ्ठ्याच्या पट्टीला मलमलीचा तुकडा गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि वीज काढून आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. पंधरा मिनिटे वाळू द्या. कॅसेट लेबल आपल्याकडे करूनच बसवा. एका कॅसेटवरून निकाल देऊ नका, दोन-तीन लावून पाहा.

आता उघडा

मशीन साध्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडते. निन्टेन्डोच्या मूळ एनईएस कॅसेटला मात्र ३.८ मिमीचा खास बिट लागतो. टीव्ही उघडू नका, जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात.

आधी अडॅप्टरच्या सॉकेटाचे डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, पाहा. पिन वर्षानुवर्षे हिसकल्याने पायाभोवती बारीक गोल चीर पडते. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने थोडे नवे शिसे देऊन डाग ताजा करा. पॉवर स्विचमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा.

मग ७८०५ नावाचा, अडॅप्टरची वीज ५ व्होल्टवर आणणारा तीन पायांचा रेग्युलेटर शोधा, सहसा पत्र्याला स्क्रूने बसवलेला असतो. अक्षरे आपल्याकडे, पाय खाली: डावा पाय आत येणारी वीज, मधला ग्राउंड, उजवा बाहेर जाणारी. मशीन चालू ठेवून काळे टोक मधल्यावर धरा. डावीकडे ७ व्होल्टपेक्षा कमी आले तर अडॅप्टर भार पेलत नाही. डावीकडे ९ आणि उजवीकडे ४.७५ पेक्षा कमी असेल, तर ७८०५ बदला, तो अगदी स्वस्त असतो. शेजारचे कपॅसिटर (छोटे उभे गोल डबे) डोक्यावर फुगले असतील तर तेही. त्यांच्यावर लिहिलेले मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि उणे पट्टीची बाजू तीच. जवळ मिळाले नाहीत तर मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा.

उजवीकडे नीट ५ व्होल्ट, कॅसेट स्वच्छ, केबल पारखलेली आणि तरीही पडदा रिकामा? बहुतेक नकली मशीनमध्ये सगळी चिप डांबरासारख्या काळ्या ठिपक्याखाली असते आणि तो ठिपका दुरुस्त होत नाही. मशीन सुट्या भागांसाठी ठेवा, कॅसेट दुसऱ्यात चालतील.

परत ठेवताना अडॅप्टर काढून घ्या, कॅसेट स्लॉटमध्ये अडकवून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून सगळे बंद करा. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते कधी बदलायचे ते बघताक्षणी कळते.