बदलीच्या संसारात शिक्षकी पेशा: या चुका टाळा

सोलापुरात रेल्वे, बँका, एनटीपीसी ही वीज कंपनी आणि लष्करातली बदलीची घरं कमी नाहीत. अशा घरातली शिक्षिका दर तीन-चार वर्षांनी राज्य बदलते. आज कलबुर्गी, उद्या सिकंदराबाद, परवा भोपाळ. वर्गात ती उत्तम शिकवते. अडते ती कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर, आणि कारणं दरवेळी तीच असतात.

बिनहजेरीचं बी.एड.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. “कॉलेजला यायची गरज नाही, परीक्षेपुरतं या,” असं सांगणारा एजंट प्रत्येक गावात भेटतो. बदलीच्या घरांना हे सोयीचं वाटतं आणि लोक फशी पडतात. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं आहे. तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते.

हे उघडकीला कसं येतं, ते एका शिक्षिकेच्या फाइलवरून पाहा. सोलापुरातल्या खासगी शाळेत पूर्णवेळ नोकरी, दरमहा पीएफ कपात. त्याच दोन वर्षांत दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजचं नियमित बी.एड. दोन्ही कागद खरे, शिक्के खरे. पडताळणीत पीएफचं पासबुक आणि बी.एड.ची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवली गेली आणि विचारणा झाली: सोमवार ते शनिवार तुम्ही सोलापुरात शिकवत होता, तर तिकडे हजेरी कोणाची लागत होती? अनुभव सोडून देते म्हटलं तरी पीएफची नोंद पुसता येत नाही. निवड गेली, आणि बी.एड. पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. एजंटचा फोन तोवर बंद झालेला होता.

दूरस्थ बी.एड. असतं, पण ते सगळ्यांसाठी नाही. इग्नूला, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, प्रवेश मिळतो तो प्राथमिक स्तरावर सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांना किंवा ज्यांनी आधी समोरासमोरचा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम केला आहे त्यांना. बाकीच्यांनी एखाद्या ठिकाणी बदली होऊन आल्या आल्या प्रवेश घ्यावा, म्हणजे दोन वर्षं हातात राहतात. मध्येच बदली झाली तर एकाने मागे राहायची तयारी ठेवावी. दुसऱ्या राज्यातलं कॉलेज अर्ध्यातून घेईल, या भरवशावर फी भरू नये. प्रवेशाआधी एनसीटीईचा (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा) मान्यता आदेश मागून घ्यायचा आणि त्यावरचा अभ्यासक्रम, जागा आणि पत्ता आपल्या डोळ्यांनी जुळवायचा. आदेश दाखवायला कॉलेज टाळाटाळ करत असेल, तर तिथून उठून यावं.

ट्रक भरल्यावर मागितलेला अनुभवाचा दाखला

बदलीची ऑर्डर आली की आधी भांडी बांधली जातात आणि राजीनामा निघायच्या आदल्या दिवशी दिला जातो. मुख्याध्यापक रजेवर, लिपिक म्हणतो पोस्टाने पाठवतो. दाखला येतोही, पण दोन ओळींचा: “यांनी आमच्या शाळेत समाधानकारक काम केले.” दुसऱ्या राज्यात हा कागद शून्य किमतीचा.

दाखल्यावर पद, विषय, शिकवलेल्या इयत्ता, माध्यम, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख, शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), मंडळाचं नाव, जावक क्रमांक आणि गोल शिक्का हवा. मसुदा आपणच टाइप करून न्यावा. शाळेलाही ते बरं पडतं. ऑर्डर आली त्याच आठवड्यात मागावा. नेमणूकपत्र, पगारपत्रकं आणि कार्यमुक्तीचं पत्र त्यालाच जोडून ठेवावं. खासगी शाळेतून निघताना नोटीस किती दिवसांची आहे, तेही नेमणूकपत्रात आधीच पाहावं.

नावाचा घोळ

आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर लग्नानंतरचं नाव, पतीच्या नावासह. इथल्या लिपिकाला हे पाठ असतं. हैदराबादच्या लिपिकाला त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणी दाखला आणि महाराष्ट्र राजपत्रातली नाव बदलाची प्रत सोबत ठेवा. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर निभेल असं धरून चालू नका.

विद्यापीठाचंही तसंच. सोलापूर विद्यापीठ २००४ सालचं. त्याआधीची पदवी शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे दुय्यम प्रत काढायला कोल्हापूर गाठावं लागतं. परराज्यातून हे करण्यात महिने जातात. स्थलांतर प्रमाणपत्र आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका गाव सोडण्याआधी काढा. अधिवासाचा दाखलाही तेव्हाच.

थोडक्यात उरलेलं

राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आधी देऊ नका, आधी केंद्राची सीटीईटी द्या. केंद्रीय आणि नवोदय विद्यालयांना ती लागते, महाराष्ट्रातही चालते, आणि एकदा उत्तीर्ण झालात की आयुष्यभर वैध राहते. खुल्या गटाला १५० पैकी ९० गुण हवेत.

बी.एड.वाल्यांनी पहिली ते पाचवीच्या जागांवर डोळा ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर तिथे बी.एड. चालत नाही, डी.एल.एड.सारखं प्राथमिक शिक्षणाचं प्रशिक्षण लागतं.

जिल्हा परिषदेची नोकरी आंतरजिल्हा बदलीने हलते, आंतरराज्य बदलीने नाही. फिरतं घर असेल तर केंद्रीय विद्यालयाची भरती सोडू नये.

अनुसूचित जाती-जमातीच्या महाराष्ट्रातल्या दाखल्यावर दुसऱ्या राज्याच्या सरकारी नोकरीत आरक्षण मिळत नाही. केंद्राच्या नोकरीसाठी ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला काढावा लागतो.

सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये भरतात, आपल्या राज्य मंडळाच्या जूनमध्ये. मे महिन्यात पोहोचून सीबीएसई शाळेचं दार ठोठावलं तर जागा भरून गेलेल्या असतात. केंद्रीय विद्यालयांच्या कंत्राटी मुलाखतीही बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्येच होतात.

आणि भाषा. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे पुष्कळ, पण शिक्षण मराठी माध्यमातलं. सीटीईटीच्या अर्जात अशी मुलं घरची भाषा निवडतात आणि परीक्षेत उतारा समोर आला की लिपीच वाचता येत नाही. त्या भाषेचे ३० गुण जागच्या जागी जातात. ज्या भाषेतलं वर्तमानपत्र सलग वाचता येतं, तीच निवडा. दुसरी लिपी शिकायची असेल तर जरूर शिका, पुढे कलबुर्गीत किंवा हैदराबादेत उपयोगीच पडेल; पण अर्ज भरून झाल्यावर नको, त्याच्या सहा महिने आधी सुरुवात करा.