किल्ट खालून कापू नका

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा. माझ्या किल्टचं कापड गडद हिरवं, निळं आणि काळं. त्याला ब्लॅक वॉच म्हणतात. १९९४ साली मी जहाजावर थर्ड इंजिनिअर होतो आणि आमचे चीफ ग्लासगोचे. निवृत्त होताना त्यांनी माझं माप घेऊन हा किल्ट शिवून घेतला. हे टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, सरकारी पलटणीचं, कुणा एका घराण्याचं नव्हे, म्हणून तुला घालायला हरकत नाही, असं त्यांनी आवर्जून सांगितलं होतं. तेव्हा माझी कंबर ३० इंच होती. आता मुलगा अ‍ॅबर्डीनला असतो, ऑक्टोबरात त्याचं लग्न, आणि त्याला हाच किल्ट घालायचाय. त्याची कंबर ३४.

गुहागरात कोणी किल्ट नीट करून देईल का, असं मला दोघातिघांनी विचारलं. देईल, पण आपल्याला काय हवं ते आधी आपल्याला कळलं पाहिजे.

सुरुवात मापापासून. जीन्सची कंबर सांगू नका, ती चार बोटं खाली असते. किल्ट बेंबीच्या रेषेवर बसतो, आपले आजोबा धोतर नेसायचे तिथे. टेप तिथे फिरवा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. दुसरं माप नितंबांच्या सर्वात रुंद भागावर. तिसरं उंचीचं, कमरेच्या रेषेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. हे दुसऱ्याने घ्यायचं, कारण आपण वाकलो की टेप सरकते. किल्ट नेसून फरशीवर गुडघे टेकले की खालची कड जमिनीपासून साधारण इंचभर वर राहायला हवी.

मग शिंपी. इथे मी आधी चुकलो. जवळच्या एका दुकानात गेलो तर त्यांनी खडू घेऊन सरळ खालच्या कडेवर रेघ मारली, तीन इंच कापून दुमडून देतो म्हणाले. मी किल्ट उचलला आणि बाहेर पडलो. किल्टला खाली दुमड नसते. मागावर विणलेला कापडाचा काठच खाली येतो, म्हणूनच निऱ्या इतक्या सुरेख पडतात. काठ कापला की तो परत मिळत नाही, आणि दुमडलेल्या जाडीने निऱ्या फिस्कटतात. उंची कमी करायचीच तर ती वरून, कंबरपट्टी काढून. ते मोठं काम आहे. माझ्या मुलाची उंची माझ्याएवढीच, त्यामुळे ते वाचलं.

शर्ट-पँटवाल्याकडे जाऊ नका, कोट शिवणारा शोधा. त्याला कॅनव्हास, म्हणजे कोटाच्या आतलं ताठ कापड, ठाऊक असतो, आणि हातशिलाईचा कंटाळा नसतो. आम्हाला चिपळूणला एक काका मिळाले, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी किल्ट उलटा करून दोन मिनिटं नुसता पाहिला. मी त्यांना सांगितलं, १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात या पोशाखावर बंदी आली आणि ती १७८२ साली उठली. काकांनी कात्री बाजूला ठेवली. म्हणाले, "मग आधी उसवून बघतो, पैशाचं नंतर बोलू."

हेच योग्य. अस्तर उसवल्याशिवाय कुठल्याही शिंप्याने होकार देऊ नये. पूर्ण किल्टला आठ यार्डांपर्यंत कापड लागतं, म्हणजे सात मीटरच्या वर. ते सगळं कमरेवर आलं तर जाड गाठोडं होईल, म्हणून निऱ्यांच्या आतलं कापड वरच्या भागात बरेचदा कापून टाकलेलं असतं. माया किती उरलीय ते आत पाहिल्यावरच कळतं. आमच्याकडे पुरेशी होती.

उसवण्याआधी मागून, पुढून, आतून फोटो काढा आणि निऱ्या मोजा. माझ्या २४ निघाल्या. काकांनी प्रत्येक निरीत पांढऱ्या दोऱ्याची खूण घातली.

आता हिशेब. चार इंच वाढवायचे. त्यातला एक इंच बक्कल सरकवून मिळाला. उरलेले तीन मागच्या निऱ्यांतून. काका खडूने टेबलावर लिहीत होते: २४ निऱ्या, दर निरीत एक सूत, आठ सूत म्हणजे इंच, झाले तीन इंच. एवढ्याशा सुताने केवढं काम होतं, हे बघताना मला फार बरं वाटलं. वाढ सगळ्या निऱ्यांत सारखी वाटायची. दोन निऱ्यांतच सोडली तर टार्टनच्या रेघा तिथे मोडतात आणि ते लांबूनही दिसतं. ही वाढ कमरेपासून नितंबापर्यंत, जिथवर निऱ्या शिवलेल्या असतात तिथवर, एकसारखी न्यायची. टाके हाताचे, बारीक, काळ्या दोऱ्याचे. निऱ्यांचं वजन पेलणारी आतली आडवी शिवणही पुन्हा घालून घ्या. ती राहिली तर दोन वर्षांत मागचा भाग लोंबतो.

यापेक्षा जास्त वाढवायला सांगू नका. पुढचा पदर, म्हणजे पुढे एकावर एक येणारे वरचा आणि आतला असे दोन सपाट भाग, तेवढाच राहतो ना! मागे फार सोडलं तर निऱ्या कुशीवरून पोटाकडे येतात. मग सगळा किल्ट उसवून निऱ्या नव्याने घालाव्या लागतात.

निऱ्या वाढल्या की कंबरपट्टी कमी पडते. वरच्या पदरावरच्या पट्टीच्या रेघा कापडाशी जुळवलेल्या असतात, तिला हात लावायचा नाही. बाकीची सरकवत न्यायची आणि जोड आतल्या पदराच्या टोकाला द्यायचा. आम्ही जुन्या काळ्या सुटाचा तुकडा लावला.

बक्कलं तीन: उजवीकडे दोन, डावीकडे एक. पट्ट्याच्या मधल्या भोकात किल्ट घट्ट बसेल अशी लावून घ्या, म्हणजे पुढे शरीर बदललं तरी दोन्हीकडे जागा राहते. बक्कलं लोखंडी नकोत. आपल्या खाऱ्या हवेत गंज चढतो आणि लोकरीत उतरतो. जुन्या टाक्यांची भोकं ओल्या फडक्यावरून इस्त्री केली की बुजतात.

कच्च्या टाक्यांवर एकदा फिटिंग घ्याच. मुलगा डिसेंबरात तीन आठवडे घरी होता, तेव्हा ते झालं. पुढचं काम जानेवारीत. गणपतीआधी शिंप्याच्या दारात जाऊ नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो. पावसात तर लोकर उसवूच नका, ओल धरते आणि बुरशी येते. मजुरी अडीच हजार झाली. मी तीन दिले.

शेवटी इस्त्री. प्रत्येक निरी खालपर्यंत सरळ लावून तीन ओळी कच्चे टाके घालायचे, वर ओलं सुती फडकं, आणि इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची. काकांनी कोळशाची वापरली, तिच्या वजनाने निऱ्या धारदार बसल्या.

ते कच्चे टाके मी काढलेले नाहीत. किल्ट लांबीला गुंडाळून, डांबर गोळ्या आणि वाळलेला कडुलिंब घालून सुती चादरीत ठेवलाय. ऑक्टोबरात तो हातातल्या बॅगेतून नेणार आहे. मुलाला सांगितलंय, लग्नाच्या सकाळी दोरा एका टोकाला कापायचा आणि हळूच ओढायचा.