इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं लाकडी घर कसं बघायचं

काळ्या पट्ट्या आणि पांढऱ्या भिंतींची घरं सगळेच फोटोत घेतात, पण आधी तो काळा रंग डोक्यातून काढा. बऱ्याच ठिकाणी ती १९व्या शतकातली फॅशन आहे, त्याआधी ओकचं लाकूड तसंच उघडं ठेवायचे नाहीतर भिंतीसकट चुन्याचा हात मारायचे. बघायचाय तो सांगाडा.

घराच्या टोकाची भिंत बघा, जमिनीजवळून थेट आढ्यापर्यंत गेलेली वाकड्या लाकडांची जोडी दिसली तर ती क्रक पद्धत. बऱ्याचदा एकच वाकडं झाड उभं चिरून दोन बाजू करायचे. ही घरं पश्चिमेला आणि उत्तरेला भरपूर, पूर्वेला केंट-सफोककडे जवळपास नाहीतच, तिकडे खांब-तुळयांची चौकट. खांब अगदी खेटून लावलेत म्हणजे मालकाकडे पैसा होता, नाहीतर एवढं लाकूड कशाला लागतंय! मधे कुडाची भिंत, म्हणजे काटक्या विणून त्यावर माती, शेण आणि गवताचा लेप.

आत जायला मिळालं तर टॉर्च घेऊन माळ्यावर जाच. वासे काजळीने काळे असतील तर खाली छपरापर्यंत उघडा हॉल होता, मधोमध जमिनीवर आग पेटायची आणि धूर छपरातून जायचा. चिमणी आणि मधला मजला बहुतेक घरांत १६व्या-१७व्या शतकात घातलाय.

मला सगळ्यात भारी वाटतं ते आडव्या तुळईच्या खालच्या अंगाला शंकरपाळ्याच्या आकाराच्या खाचांची रांग सापडली की. तिथे बिनकाचेची खिडकी होती, त्या खाचांत लाकडी गज बसायचे. सांध्याजवळ कोरलेले रोमन आकडेही शोधा, सुतार जमिनीवर चौकट जुळवून नंबर टाकायचे आणि मग जागेवर नेऊन उभी करायचे.

भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिसला तर खालची आडवी तुळई नीट बघा, सिमेंटमागे पाणी अडकतं आणि ओक कुजतो, तिथे चुनाच हवा. घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या जुन्या वास्तूंच्या यादीत असेल तर त्याचं रूप बदलणारं काम परवानगीशिवाय करणं गुन्हा आहे.

सराव करायचा तर वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटनचं वील्ड अँड डाउनलँड म्युझियम गाठा. तिथलं १५व्या शतकातलं 'बेलीफ' (Bayleaf) नावाचं घर केंटमध्ये जलाशयाखाली जाणार होतं, म्हणून एकेक लाकूड सुटं करून आणलं आणि पुन्हा उभं केलं. वर सांगितलेलं बरंचसं तिथे एकाच ठिकाणी बघता येतं.