प्रौढांच्या एडीएचडी सेवेत असिस्टंट सायकॉलॉजिस्ट: प्रत्यक्ष काम काय असतं

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांचा त्रास. ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत असिस्टंटचं हे पद बहुतेक बँड ४ या वेतनश्रेणीचं, काही ठिकाणी ५चं. निदान करायचा अधिकार नाही, औषधाचा तर प्रश्नच नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव एचसीपीसी या नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही आणि असिस्टंटची तिथे नोंदणी होत नाही. म्हणून तुमचं काम सुपरवायझरच्या जबाबदारीवर चालतं. नाइस या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निदान या विषयातलं प्रशिक्षण आणि अनुभव असलेल्या तज्ज्ञानेच करायचं. त्या तज्ज्ञाला ठामपणे ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल इतका पक्का पुरावा जमवणं, ही तुमची नोकरी.

जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) रेफरलसोबत बहुधा एएसआरएस ही लक्षणांची प्रश्नावली भरून येते. १८ प्रश्न, त्यातले पहिले ६ चाळणीचे. या ६ पैकी ४ किंवा जास्त उत्तरं रंगवलेल्या चौकटीत पडली की पुढची तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. नवे लोक इथेच फसतात आणि आकडा पाहून मनातल्या मनात निदान उरकून टाकतात. झोपेचं खोबरं झालेला, सतत चिंतेत असलेला किंवा नैराश्यातला माणूसही तेच रकाने भरतो. उलट, वर्षानुवर्षं याद्या आणि गजर लावून तग धरलेल्या माणसाचे गुण कमी येऊ शकतात.

मग रुग्णाला फॉर्मचा गठ्ठा जातो आणि परत येत नाही. येणार कसा? लक्ष टिकत नाही म्हणूनच तर माणूस या रांगेत आहे. पत्र एका पानाचं ठेवा, तारीख-वेळ सगळ्यात वर ठळक लिहा, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी मेसेज पाठवा. अपॉइंटमेंट चुकली की फाइल बंद करण्याचे नियम बऱ्याच ठिकाणी कडक असतात. बंद करण्याआधी एक फोन करा आणि पत्ता बरोबर होता का ते पाहा.

निदानाच्या मुलाखतीसाठी दिवा-५ ही ठरावीक प्रश्नांची मुलाखत सर्रास वापरली जाते: दुर्लक्षाचे ९ आणि अतिचंचलता-उतावीळपणाचे ९ निकष, प्रत्येक आत्तासाठी आणि लहानपणासाठी वेगळा विचारायचा. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार १७ वर्षं आणि त्यापुढच्या वयात एका गटातले किमान ५ निकष लागतात, काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात, आणि त्रास एकाहून अधिक ठिकाणी हवा. फक्त ऑफिसात लक्ष लागत नसेल तर आधी ऑफिसची चौकशी करा.

प्रत्येक निकषाखाली उदाहरणांची यादी असते. ती वाचून दाखवली की समोरचा मान डोलावत जातो. चार खुणा झाल्या म्हणजे निकष पूर्ण झाला असं नाही. किती वेळा होतं, त्याने काय बिघडलं आणि ते सावरायला काय करावं लागतं, हे लिहिलेलं हवं. ‘बिलं वेळेवर भरता का?’ ‘हो.’ इथे थांबलात तर निकष हातचा गेला. ‘कशी भरता?’ विचारलं की कळतं: सगळी डायरेक्ट डेबिटवर टाकली आहेत, कारण आधी दंड भरून भरून कंटाळा आला होता, आणि उरलेली बायको पाहते. हे उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा.

लहानपणाचा पुरावा सगळ्यात कच्चा असतो. शाळेचे रिपोर्ट मिळाले तर गुण बाजूला ठेवून शिक्षकांचे शेरे वाचा. पालकांशी किंवा भावंडांशी लेखी संमती घेऊनच बोला. ‘अगदी शांत मुलगी होती’ यावर समाधान मानू नका; खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगीही शांतच दिसते. गृहपाठाला कुणाला शेजारी बसावं लागायचं का, स्वेटर-कंपास किती वेळा हरवायचं, असं नेमकं विचारा.

काळाची रेघ काढणं इथे फार उपयोगी पडतं. नैराश्याला बहुधा सुरुवात सापडते, बायपोलरमध्ये चढ-उताराचे काळ वेगळे दिसतात, एडीएचडी मात्र लहानपणापासून सलग चालत आलेली असते. आघात, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, गांजा यांची नोंद न चुकता करा. ऑटिझम असला म्हणून एडीएचडी नाही असं होत नाही. २०१३च्या डीएसएम-५पासून दोन्ही निदानं एकत्र देता येतात.

आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रत्येकाला थेट विचारायचं. उत्तर होकारार्थी आलं तर आठवड्याच्या सुपरव्हिजनची वाट पाहायची नाही, माणूस इमारतीत असतानाच वरिष्ठांना सांगायचं.

रिपोर्ट त्याच दिवशी लिहायला घ्या, नाहीतर दोन रुग्णांची उदाहरणं एकमेकांत मिसळतात. न जुळलेले निकषही कारणासह लिहा. ‘एडीएचडी नाही’ हे ऐकणं अनेकांना ‘आहे’ ऐकण्यापेक्षा जड जातं. तेव्हा त्रास खरा आहे हे मान्य करून पुढे कुठे जायचं ते कागदावर द्या. ‘गोळी कधी मिळेल?’ याला अंदाजाने तारीख देऊ नका: डोस जुळवण्याची रांग वेगळी असते आणि नंतर प्रिस्क्रिप्शन चालू ठेवायला जीपी नकारही देऊ शकतो. एडीएचडीचा किंवा औषधाचा गाडी चालवण्यावर परिणाम होत असेल तर डीव्हीएलए या वाहन-परवाना संस्थेला कळवणं बंधनकारक आहे, हेही सांगायचं राहून जातं.

निदानानंतरचे गट बहुधा तुमच्याच गळ्यात पडतात. दीड तासाच्या सत्रात मध्ये सुट्टी हवीच, घरी करायला एकच काम द्या, आणि उशिरा येणाऱ्याला दारात टोकू नका.

अर्जाचं म्हणाल तर ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची जीबीसी (सोसायटीच्या सदस्यत्वासाठीची शैक्षणिक) पात्रता बहुतेक जाहिरातींत मागतात. भारतातली पदवी असेल तर ती सोसायटीकडून आधी तपासून घ्या, याला वेळ लागतो. जाहिराती मुदतीआधीच बंद होतात, म्हणून मजकूर तयार ठेवा आणि पर्सन स्पेसिफिकेशनमधल्या (उमेदवाराकडून असलेल्या अपेक्षांच्या यादीतल्या) एकेका मुद्द्याला एकेक उदाहरण द्या. वॉर्डवर सपोर्ट वर्कर म्हणून केलेलं काम कमी लेखू नका. रुग्णांशी रोज बोललेला उमेदवार मुलाखतीत लगेच ओळखू येतो.