गेलं तेवढंच परत: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घरी बदलताना

तेल आणायच्या आधी आपली ऑटोमॅटिक कोणत्या जातीची आहे ते बघा. वॅगनआरची एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला माणसाऐवजी यंत्र. २०१४ नंतरची पेट्रोल सिटी ऑटोमॅटिक सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी. तिचं तेल वेगळं असतं. त्यात साधं एटीएफ (ऑटोमॅटिकचं नेहमीचं तेल) ओतलंत तर गिअरबॉक्सचं वाटोळं. ड्युअल क्लचला घरी हात लावूच नका. मी सांगतोय ते माझ्या २०११ च्या होंडा सिटीचं: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), पाच गिअर, आणि मुख्य म्हणजे गिअरबॉक्सला स्वतःची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी. डिपस्टिक नसेल तर पातळी तेलाचं तापमान धरून बघावी लागते, ते वर्कशॉपचं काम.

मी निवृत्त कॅशियर. त्यामुळे या कामात मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे टॅली. आदल्या दिवशी गरम गाडीवर पातळी बघून ठेवायची, हा ओपनिंग बॅलन्स. तो डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मध्ये असेल तर जेवढं निघेल तेवढंच परत जाणार. अडीच लिटरच्या आसपास निघतं. गाडी जराशी तिरकी असली तरी कमी-जास्त होतं, म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा आपल्या बाटलीवर विश्वास ठेवा. होंडाचं एटीएफ डीडब्ल्यू-१ तीन लिटर आणि ड्रेन बोल्टचा नवा वायसर आणा. पाण्याच्या लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या, एक घमेलं आणि लांब नळीचं नरसाळं घरात असतंच.

गाडी दहा मिनिटं फिरवून आणा. तेल कोमट हवं, चटका बसणारं नको. पुढची चाकं रॅम्पवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मग काम पाच मिनिटांचं का असेना.

आता बोल्ट. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट षटकोनी डोक्याचा असतो, त्याला १७ चा पाना लागतो. गिअरबॉक्सच्या बोल्टला मधोमध चौकोनी खड्डा असतो आणि त्यात ३/८ इंची रॅचेट (कटकट करत फिरणारा दांडा) सॉकेटशिवाय थेट बसते. चौकोन दिसला तरच फिरवा. इंजिन ऑइल बदलताना चुकीचा बोल्ट खोलून गिअरबॉक्स रिकामा आणि इंजिनात दुप्पट तेल, असे घोटाळे चांगल्या चांगल्यांनी केले आहेत. आणि रॅचेट फिरवण्याआधी वर जाऊन डिपस्टिक सहज निघते ना, तिच्या भोकात नरसाळ्याची नळी जाते ना, ते बघून घ्या. एअर फिल्टरच्या डब्याखाली ती पिवळी कडी अशी दडलेली असते, की हिने टॉर्च धरल्याशिवाय मला आजही सापडत नाही.

बोल्ट सुटला की धार एकदम येते, घमेलं आधीच सरकवून ठेवा. माझं पहिलं तेल काकवीच्या रंगाचं निघालं होतं. नवं असतं कोकम सरबतासारखं लालभडक. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर काजळासारखा मऊ लेप दिसेल. तो बोटांत चोळून बघा. नुसता काळा गुळगुळीत असेल तर ती रोजची झीज, पुसून टाका. टोचणारे कण किंवा चमकती कपची लागली, तर नवं तेल टाकून काही साधणार नाही. गाडी जाणत्या मेकॅनिकला दाखवा. पुसायला जुना बनियन घेऊ नका, धागे सुटतात.

नवा वायसर घालून बोल्ट ४९ न्यूटन-मीटरला आवळा. घमेल्यातलं तेल बाटल्यांत भरून मोजा आणि तेवढंच नवं डिपस्टिकच्या भोकातून हळूहळू सोडा. मग इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून, लिव्हर प्रत्येक जागी चार-पाच सेकंद थांबवत फिरवा.

पातळी बघताना मी पहिल्या वेळी माती खाल्ली. थंड गाडीवरच डिपस्टिक काढली, तेल कमी दिसलं, ओतलं आणखी. “अहो, मोजून ओतलंत ना? मग कमी कसं होईल?” हिने विचारलं, आणि ते बरोबर होतं. गरम झाल्यावर पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली. जास्त तेल फेसाळतं आणि गिअर नीट धरत नाहीत. शेवटी मेडिकलमधून ६० मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी आणून पाच वेळा उपसलं. खरी रीत अशी: रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन तापवा, सपाट जागी बंद करा, आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक पुसून, घालून, वाचा.

एका फेरीत सगळं तेल बदलत नाही, कारण बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. सहा लिटरांतलं अडीच बदललं तर साडेतीन जुनंच. मधे थोडे दिवस गाडी चालवून तीनदा केलं, तर जुनं पाचव्या हिश्शावर येतं. मशीन लावून फ्लश करणाऱ्यांच्या, म्हणजे सगळं तेल एकदम बदलून देणाऱ्यांच्या नादी मी लागत नाही.

जुनं तेल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. गॅरेजवाला ते पिंपात जमवतो, त्याला द्या. बाटल्या मात्र परत मागून घ्या, पुढच्या फेरीला मोजायला लागतात.