नव्या मोटरहोमच्या आत काय भरावे आणि कोणत्या क्रमाने

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. तेव्हापासून ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक कुटुंबे ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या गाडीवर बांधलेल्या मोटरहोमचा, म्हणजे आतच झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचा, गांभीर्याने विचार करू लागली आहेत. गाडी ताब्यात आली की पहिला मोह होतो तो जांभळी नाक्यावर जाऊन डबे, पातेली, चादरी आणि पडदे घेण्याचा. हा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वस्तू एकदा बसवल्यावर हलवता येत नाहीत आणि ज्यांच्यातील चूक जिवावर बेतू शकते, त्या आधी घ्याव्यात. ज्या कोणत्याही गावच्या बाजारात मिळतात, त्या शेवटी. म्हणजे वजनाचा हिशेब, मग वीज, पाणी, गॅस आणि आग विझवण्याची साधने, त्यानंतर अंथरूण आणि सर्वांत शेवटी स्वयंपाकघर.

गाडी मोटर कॅराव्हॅन म्हणून मान्यता मिळालेली आणि तशीच नोंदलेली असावी, हे येथे गृहीत धरले आहे. या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचे मानक आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही. त्यामुळे आत जादा आसन, छतावर नवी खिडकी किंवा गॅसची कायमची जोडणी करायची असेल, तर सुताराला बोलावण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात विचारणा करावी.

वजनापासून सुरुवात करण्याचे कारण सरळ आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचे मान्य एकूण वजन दिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे प्रत्यक्ष वजन वजा केले की जे उरते, त्यातच माणसे, पाणी, बॅटऱ्या, गाद्या आणि धान्य बसवावे लागते. फर्निचर बसवल्यावर ही शिल्लक लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. तुर्भे आणि कळंबोली परिसरात मालवाहू वाहनांसाठी वजनकाटे आहेत. तेथे गाडी आधी रिकामी तोलावी आणि सामान भरल्यावर पुन्हा एकदा तोलावी. शक्य असेल तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळी काट्यावर चढवून दोन्ही आसांवरील भार पाहावा, कारण सगळे जड सामान मागच्या पलंगाखाली कोंबल्यास कसारा किंवा बोर घाटाच्या वळणांवर गाडीचा तोल बिघडतो. जड वस्तू खाली आणि दोन आसांच्या मध्ये, हलक्या वस्तू वरच्या कपाटांत, हा नियम पुढच्या प्रत्येक खरेदीला लागू आहे.

वीज हा विषय सर्वांत जास्त वेळ मागतो आणि पैसेही येथेच हात न आखडता खर्च करावेत. दोन माणसांच्या एका दिवसाचा साधा हिशेब मांडू. बारा व्होल्टवर चालणारा चाळीस-पन्नास लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्याकडच्या उकाड्यात दिवसाला सुमारे ५०० वॉट-तास घेतो. वीस वॉटचे दोन पंखे आठ तास चालले की ३२० वॉट-तास होतात. एलईडी दिवे, पाण्याचा पंप, दोन फोन आणि एक लॅपटॉप मिळून आणखी २५० ते ३०० धरावेत. बेरीज ११०० च्या आसपास जाते. बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२८० वॉट-तास साठवते आणि त्यातील ऐंशी ते नव्वद टक्के निर्धास्त वापरता येतात. म्हणजे एक बॅटरी एका दिवसाला जेमतेम पुरते. ढगाळ दिवसाची तरतूद म्हणून २०० अँपिअर-तासांची क्षमता घ्यावी.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते म्हणून तीच गाडीत ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मानू नये. तिची अर्धीच क्षमता वापरणे हिताचे असते, ती फार जड असते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. झोपण्याच्या बंद जागेत हा वायू साठणे धोक्याचे आहे.

छतावर ४०० वॉटची सौर पॅनेल असतील, तर स्वच्छ उन्हात दिवसाला सव्वा ते दीड युनिट (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास) वीज मिळते, म्हणजे वरचा हिशेब भागतो. जून ते सप्टेंबर या काळात मात्र कोकणपट्टीत त्या भरवशावर राहू नये. म्हणून गाडी चालू असताना बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर आवश्यक समजावा. बीएस-६ गाड्यांतील अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राचे, व्होल्टेज गरजेनुसार बदलत राहते, त्यामुळे राहण्याच्या भागाची ही बॅटरी त्याला नुसत्या वायरने जोडून ती नीट भरत नाही. बाहेरची वीज घेण्यासाठी १६ अँपिअरचा प्लग आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ठेवावी. मोठा भार घेताना ही केबल रिळावरून पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली केबल तापून वितळते. आत २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. पत्र्याच्या गाडीत, पावसात आणि ओल्या पायांनी वावरताना तोच माणसाला वाचवतो.

वायरची जाडी हा भाग घराच्या वायरमनलाही नवा वाटू शकतो. घरात १५०० वॉटचे उपकरण सहा-सात अँपिअर प्रवाह घेते. तेच उपकरण इन्व्हर्टरमार्फत बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवले, तर बॅटरीच्या वायरमधून १२५ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जातो. म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टर शेजारीशेजारी असावेत, त्यांमधील तांब्याची केबल निदान ३५ चौरस मिलिमीटरची असावी आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह प्रकारचाच, म्हणजे घरच्या विजेसारखा प्रवाह देणारा, घ्यावा. फ्यूजचे जादा नग, क्रिंप केलेले लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोके) आणि मल्टिमीटर हे सामान मुंबईच्या लोहार चाळीत एका फेरीत मिळते.

एअर कंडिशनरचा प्रश्न प्रत्येक ठाणेकर विचारतो, आणि मे महिन्यातील उकाडा पाहता तो रास्तही आहे. छतावरचा एसी सुमारे एक हजार वॉट घेतो. कॉम्प्रेसर निम्मा वेळच चालतो असे धरले, तरी आठ तासांच्या रात्रीला चार युनिट लागतात, म्हणजे केवळ झोपेसाठी चार बॅटऱ्या. ज्यांचा मुक्काम नेहमी वीजजोडणी असलेल्या रिसॉर्टच्या आवारात असेल, त्यांनी एसी अवश्य घ्यावा. इतरांनी हवा बाहेर फेकणारा छतावरचा पंखा, समोरासमोरच्या खिडक्यांना बारीक जाळी आणि पुढच्या काचेला उष्णता परतवणारा पडदा एवढे घेऊन उन्हाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर मुक्काम करावा. मला स्वतःला हा दुसरा मार्ग अधिक पटतो.

पाण्याचे एक लिटर म्हणजे एक किलो, हे टाकी निवडताना विसरू नये. पिणे, स्वयंपाक, भांडी आणि बादलीत मोजून घेतलेली आंघोळ मिळून दोघांना दिवसाला पस्तीस-चाळीस लिटर पाणी लागते. त्यामुळे शंभर लिटरची टाकी अडीच दिवस पुरते आणि शंभर किलो वजन वाढवते. टाकी खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी. एका मोठ्या टाकीऐवजी पन्नास लिटरच्या दोन टाक्या घेतल्यास वळणावर पाणी कमी हिंदकळते आणि एक नासली तरी दुसरी हाताशी राहते. घरून निघताना पालिकेच्या नळाचे पाणी भरावे. वाटेत भरायची वेळ आली, तर गाळ अडवणारा साधा फिल्टर नळीला जोडावा. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्याच्या शेवटी खारट होते, म्हणून पिण्याचे वीस लिटर पाणी नेहमी वेगळ्या जारमध्ये ठेवावे. सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीच्या निम्म्याहून लहान नसावी आणि ती रस्त्याच्या कडेला रिकामी करू नये.

शौचालयासाठी खालची टाकी वेगळी काढता येणारे पोर्टेबल टॉयलेट दोघांना पुरेसे आहे. त्याचे रसायन, हातमोजे आणि टाकी धुण्याची स्वतंत्र नळी एका बंद पेटीत ठेवावी. ही टाकी फक्त मलवाहिनीला किंवा सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयातच ओतावी. शेतात, ओढ्यात किंवा धरणाच्या काठावर ती ओतणे हा त्या गावावर केलेला अन्याय आहे.

गॅसच्या बाबतीत कसलीही काटकसर करू नये. घरगुती जोडणीचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नेऊ नये. गॅस वितरकांकडे आणि काही पेट्रोल पंपांवर पाच किलोचा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, तो दोघांच्या स्वयंपाकाला भरपूर पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडरचे कपाट आतल्या बाजूने हवाबंद, दार गाडीच्या बाहेरून उघडणारे आणि तळाशी थेट बाहेर झरोका असलेले असावे. गळतीचा सूचक, म्हणजे गॅस अलार्म, गुडघ्याच्याही खाली बसवावा. नळी आयएसआय चिन्हाची, तारेची जाळी असलेली घ्यावी आणि मुदत संपण्याआधी बदलावी. गाडी हलण्यापूर्वी सिलिंडरची चावी बंद करण्याची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीकडे द्यावी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो, तोही घ्यावा. थंडीच्या रात्री कोळशाची शेगडी आत आणण्याचा विचारही करू नये.

अग्निशामक म्हणून एबीसी पावडरचा दोन किलोचा सिलिंडर घ्यावा आणि तो शेगडीच्या वर न टांगता दाराजवळ लावावा, कारण आग लागल्यावर तिच्या पलीकडे हात घालता येत नाही. शेगडीशेजारी आग विझवण्याचे ब्लँकेट, पलंगाजवळ काच फोडण्याची हातोडी आणि हाताशी प्रथमोपचार पेटी ठेवावी. पेटीत नेहमीच्या औषधांबरोबर ओआरएसची पाकिटे आणि घाटात मळमळणाऱ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या असाव्यात.

अंथरुणासाठी चार इंचांची, दाट फोमची गादी पुरते. मात्र ती सपाट प्लायवर न ठेवता फटी सोडलेल्या लाकडी पट्ट्यांवर ठेवावी. आपल्या दमट हवेत घामाची आणि श्वासाची वाफ गादीखाली साचते आणि एका पावसाळ्यात बुरशी धरते. कपाटे आणि पलंग अजून बनवायचे असतील, तर आयएस ७१० दर्जाचा मरीन प्लाय मागावा. चादरी सुती घ्याव्यात आणि एक गोधडी ठेवावी, कारण डिसेंबरात माळशेज ओलांडून पुढे गेल्यावर ती लागतेच. डासांसाठी जाळी हाच उपाय. बंद गाडीत कॉइल लावू नये.

आता स्वयंपाकघर. झाकणाला चिमटा असलेले स्टीलचे डबे, तीन लिटरचा प्रेशर कुकर आणि त्याची आतली भांडी, एक तवा, एक कढई, एकात एक बसणारी तीन पातेली, मसाल्याचा डबा, छोटे पोळपाट-लाटणे आणि झाकणाच्या पेटीतल्या सुऱ्या एवढ्यावर दोघांचा पूर्ण संसार चालतो. काचेच्या बरण्या आणि चिनी मातीच्या वस्तू घरीच राहू द्याव्यात. ड्रॉवरना दाबून उघडणारे लॉक लावावेत, कप्प्यांत रबराची जाळीदार चटई अंथरावी आणि डब्यांच्या रांगेपुढे आडवा पट्टा ताणावा. असे न केल्यास पहिल्याच खड्ड्यात डाळ-तांदूळ एक होतात. तीस रुपये वाचवण्यासाठी वाशीच्या घाऊक बाजारातून पाच-पाच किलो धान्य आणू नये, ते वजन सगळ्या प्रवासात वाहावे लागते. भाजणी, कुळथाचे पीठ, मेतकूट, पातळ पोहे, कोकम आणि लोणच्याची एक घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी हे हलके, टिकाऊ आणि दहा मिनिटांत जेवण देणारे सामान आहे. इंडक्शन शेगडी सोयीची आहे, पण पूर्ण जोरावर अर्ध्या तासात पाऊण ते एक युनिट खाते, म्हणून ती बाहेरची वीज असतानाच वापरावी. सुके बोंबील भाजायचे असतील, तर घडीची शेगडी गाडीबाहेर मांडावी, कारण तो वास गादीत आणि पडद्यांत कितीतरी दिवस राहतो.

एवढे जमल्यावर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी एक रात्र आपल्याच सोसायटीच्या आवारात, बाहेरची वीज न जोडता, गाडीत काढावी. गॅस अलार्म तपासावा, टाकीचे पाणी मोजून वापरावे, सकाळी बॅटरीत किती टक्के उरले ते पाहावे आणि अंधारात शोधूनही न सापडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा बदलावी. खरेदीची उरलेली यादी त्या सकाळी लिहावी. ती बहुधा बरीच लहान होते.

पावसाळ्यात गाडी बराच काळ उभी राहणार असेल, तर पाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, फ्रिजचे दार किंचित उघडे ठेवावे, गादी उभी करावी आणि कपाटांत ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवून ते भरले की बदलावेत. सिलिंडर गाडीतून काढून ठेवावा. लिथियम बॅटरी पूर्ण भरून न ठेवता साधारण निम्मी भरलेली ठेवावी, तिचा मुख्य स्विच बंद करावा आणि महिन्यातून एकदा व्होल्टेज तपासावे.