होडीचा तळ निवडताना या चुका टाळा

होडी विकत घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग छत, मग इंजिन. खाली वाकून तळ बघणारा क्वचितच भेटतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे खाडीत डुलत नाही म्हणून सपाट तळाची होडी समुद्रासाठी घेणं. मालवणजवळच्या देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, एकाने अशीच फायबरची होडी आणली. कर्लीच्या शांत पाण्यात सहा माणसं एका कडेला उभी करून दाखवली, होडी फारशी कलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर निघालो तेव्हा ओहोटी लागली होती. मी म्हटलं, भरतीपर्यंत थांबूया. त्याला घाई. संगमावर बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडतं आणि लाटा आखूड, उभ्या होतात. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर जायची आणि अख्खा तळ थाडकन पाण्यावर आपटायचा. थोड्याच वेळात तळ आणि बाजू जुळतात तिथे चीर गेली. मागे वळलो तर मागून येणारी लाट होडी आडवी करायला लागली. खाली पठाण, म्हणजे तळाच्या मधोमध जाणारा उभा कणा, तोच नव्हता, धरून ठेवणार कोण? पाणी उपसत उपसत पुळणीला, रेतीच्या किनाऱ्याला लागलो.

सपाट तळ पाण्याच्या उताराला चिकटून राहतो. लाट तिरकी झाली की होडीही तेवढीच तिरकी. व्ही आकाराचा तळ लाट कापतो. उभ्या जागी तो जास्त डुलतो, इंजिनही मोठं मागतो, पण बाहेर जायचं तर मी तोच घेईन.

दुसरी चूक इंजिनाची. गोल तळाची, मागे निमुळती लाकडी होडी पाणी बाजूला सारत चालते. तिच्या पाण्यातल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढा, त्याला 1.34 ने गुणा. साधारण तेवढे नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, बस. 25 फुटांना 6.7. त्यापुढे दुप्पट ताकदीचं इंजिन लावलं तरी मागचा भाग खाली बसतो, नाळ वर जाते आणि डिझेल जळतं. वेग हवा असेल तर मागे सपाट, रुंद होत गेलेला, पाण्यावर चढून धावणारा तळच लागतो. हे तांडेलाला, होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाला, विचारलं तरी कळतं, पण नवख्यांना विचारायलाही सवड नसते.

उलांडी, म्हणजे होडीच्या बाजूला आडव्या काठ्यांनी बांधलेला तरंगता ओंडका, अडचण होते म्हणून काढू नका. अरुंद होडी तिच्याच भरवशावर उभी असते.

जोडहोडीवर, म्हणजे फळ्यांनी जोडलेल्या दोन होड्यांवर, जागा मोठी दिसते म्हणून माणसं भरू नका, मधल्या फळ्यांना खालून लाटा धडकतात.

उथळ खाडीत खोल तळ नेऊ नका. मराठा आरमाराची गलबतं कमी पाण्यात शिरत, मोठ्या जहाजांना ते जमत नसे.

मी स्वतः ओहोटीला, होडी रेतीवर टेकलेली असताना जातो आणि मागून बसून तळ बघतो. मग माणसांइतक्या वजनाच्या रेतीच्या गोण्या भरून चालवायला सांगतो. विकणारा कुरकुरला, तर ती होडी मी घेत नाही.